दांड्यावर कोरलेली आठवण : झाक द व्होकांसाँ



सहामाही परीक्षेनंतर आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही उद्यमबागेतल्या एका लहानशा कारखान्यात गेलो होतो. आपल्या शाळेतल्या बऱ्याच मुलांचे वडील किंवा काका त्या भागात टर्नर, फिटर आहेत. त्यामुळे आमचे स्वागत अगदी घरच्यासारखे झाले. तिथे कोपऱ्यात एक जुने ट्रॉब मशीन चालू होते. पितळेची सळई आपोआप पुढे सरकत होती. एक हत्यार येऊन ती सोलून जात होते, दुसरे भोक पाडत होते, तिसरे तुकडा कापून खाली ट्रेमध्ये टाकत होते, की लगेच सळई पुन्हा पुढे. शेजारी माणूस उभा नव्हता आणि मशीनला कॉम्प्युटरही जोडलेला नव्हता. आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, की मग आता काय करायचे हे या मशीनच्या लक्षात तरी कसे राहते?

प्रश्न फार चांगला होता. तिथल्या कारागीर काकांनी मशीन बंद करून झाकण उघडले आणि आत एक दांडा दाखवला. त्यावर वेड्यावाकड्या आकाराच्या लोखंडी चकत्या बसवलेल्या होत्या. काकांनी सांगितले, की मशीनची सगळी बुद्धी या चकत्यांत आहे. हा दांडा एकदा फिरला की एक नग तयार होतो. दुसरा नग हवा असेल तर चकत्या बदलायच्या. या चकत्यांना कॅम म्हणतात आणि त्या दांड्याला कॅमशाफ्ट.

परत येताना आम्ही मुलांना कबूल केले होते, की अशाच एका दांड्यावर बासरी वाजवण्याची कला बसवणाऱ्या माणसाचे चरित्र या अंकात देऊ. ते आज देत आहोत. पण आधी कॅमविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर त्या माणसाने काय केले ते कळणार नाही.

गोल चाक फिरत असताना त्याच्या कडेवर एक पट्टी टेकवून धरली तर ती पट्टी हलत नाही, कारण कड मध्यापासून सगळीकडे सारख्याच अंतरावर असते. आता त्याच चाकाच्या कडेला एके ठिकाणी उंचवटा करा. उंचवटा खाली आला की पट्टी वर उचलली जाईल, तो सरकून गेला की ती पुन्हा खाली येईल. उंचवटा किती उंच आहे त्यावर पट्टी किती उचलायची ते ठरते, तो किती लांब आहे त्यावर किती वेळ उचलून धरायची ते ठरते आणि चाकावर तो कुठल्या जागी आहे त्यावर केव्हा उचलायची ते ठरते. हे सगळे एकदा धातूत कोरून ठेवले, की पुढे चाक नुसते फिरवत राहायचे.

तुमच्या घरच्या मोटारसायकलच्या इंजिनातही हेच चालते. आत पेट्रोल-हवेचे मिश्रण घेणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि धूर बाहेर सोडणारा दुसरा. स्प्रिंग त्यांना बंद ठेवते, कॅम त्यांना उघडतो. फोर स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार फेऱ्यांत, म्हणजे क्रँकच्या दोन वेढ्यांत, प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. म्हणून कॅमशाफ्ट क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरवतात. त्यासाठी कॅमशाफ्टच्या चक्राला दुप्पट दाते असतात. इंजिन मिनिटाला ३००० वेढे घेत असेल तर कॅमशाफ्ट १५०० घेतो, म्हणजे एका सेकंदात प्रत्येक व्हॉल्व्ह २५ वेळा उघडतो आणि मिटतो. टायमिंग चेन एखाद-दुसरा दात सरकली तरी गाडी नीट चालत नाही आणि काही इंजिनांत तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून तो वाकतो. हे गॅरेजवाल्यांच्या मुलांना आम्ही सांगायला नको.

वडगावच्या मुलांनी हाच प्रकार यंत्रमागावर पाहिलेला आहे. मागाच्या खालच्या शाफ्टवर टॅपेट असतात. ते ताण्याचे दोरे आळीपाळीने वर-खाली करतात आणि धोटा इकडून तिकडे मारतात. टॅपेट म्हणजे कॅमच. गंमत अशी, की साध्या मागातला हा खालचा शाफ्टही वरच्या क्रँकच्या निम्म्याच वेगाने फिरतो, कारण त्याच्या एका वेढ्यात धोटा एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून मारायचा असतो. इंजिन आणि माग यांचे हे नाते आमच्याही फार उशिरा लक्षात आले.

कॅमचा शोध झाक द व्होकांसाँने लावला असे मात्र समजू नका. पाणचक्कीवर चालणारे मोठे हातोडे असेच उचलले जात. अल्-जझारी नावाच्या थोर कारागिराने १२०६ च्या सुमारास लिहून पुरा केलेल्या ग्रंथात खुंट्या बसवलेल्या दांड्याने ढोल वाजवणाऱ्या बाहुल्या वर्णन केल्या आहेत. व्होकांसाँचे मोठेपण निराळे आहे. जिवंत माणसाच्या हाताला जे बारीक कसब येते ते दांड्यावर उतरवता येईल का, हा प्रश्न त्याने घेतला आणि सोडवून दाखवला.

व्होकांसाँचा जन्म २४ फेब्रुवारी १७०९ रोजी फ्रान्समधल्या ग्रनोबल या डोंगराळ भागातल्या गावी झाला. वडील हातमोजे बनवणारे कारागीर होते. घरात मुले पुष्कळ आणि हा त्यातला धाकटा. आई फार देवभक्त होती. ती त्याला आपल्याबरोबर धार्मिक भेटींना नेई आणि बायकांची बोलणी चाललेली असताना हा शेजारच्या खोलीत कंटाळून बसे. तिथल्या भिंतीवर एक घड्याळ होते. त्याच्या पेटीच्या फटीतून आतला जेवढा भाग दिसेल तेवढा पाहत पाहत त्याने घड्याळ कसे चालते याचा छडा लावला आणि घरी येऊन मोडक्यातोडक्या हत्यारांनी लाकडाचे चालणारे घड्याळ केले. ही हकीकत त्याच्या मृत्यूनंतर कोंदोर्से या विद्वानाने लिहिलेल्या गौरवलेखात आली आहे. थोरांच्या बालपणीच्या गोष्टी जरा गोडच करून सांगितल्या जातात, तेव्हा तिचा रंग थोडा कमी करून घ्यायला आमची हरकत नाही.

तरुणपणी तो लियाँ शहरातल्या एका ख्रिस्ती मठात दाखल झाला. तिथेही त्याचे यंत्रांचे वेड सुटले नाही. मठात आलेल्या एका मोठ्या पाहुण्यापुढे त्याने जेवण वाढणाऱ्या यंत्रबाहुल्या सादर केल्या आणि त्या पाहून रागावलेल्या अधिकाऱ्याने त्याची कार्यशाळा मोडून टाकायला लावली, असे सांगतात. पुढे त्याने मठ सोडला आणि पॅरिस गाठले. तिथे त्याने शरीरशास्त्र शिकून घेतले. माणसाच्या शरीरात श्वास कसा चालतो, रक्त कसे फिरते हे दाखवणारे हलते देह करावेत अशी त्याची इच्छा होती. त्यात यश आले नाही, कर्ज मात्र झाले. मग त्याने लोक पैसे देऊन पाहायला येतील असे काहीतरी करायचे ठरवले.

पॅरिसच्या त्विलरी बागेत बासरी वाजवणाऱ्या वनदेवाचा एक संगमरवरी पुतळा होता, क्वाझव्हो या शिल्पकाराने घडवलेला. त्यावरून व्होकांसाँने माणसाएवढा लाकडी बासरीवाला तयार केला आणि फेब्रुवारी १७३८ मध्ये लोकांपुढे मांडला. तो बारा सुरावटी वाजवी. बासरी आडवी धरायची होती, आपल्या बासरीसारखीच. पाहणाऱ्या कित्येकांना वाटले, की पोटात दुसरेच वाद्य लपवले असेल आणि बोटे नुसती देखाव्याला हलत असतील. तसे नव्हते. खरी हवा ओठांतून येत होती आणि खऱ्या बासरीच्या भोकांवर बोटे पडत होती.

तुमच्यापैकी जे बासरी शिकतात त्यांना ठाऊक आहे, की नुसती भोके दाबून बासरी वाजत नाही. बोटे तीच ठेवून फुंक जोरात मारली तर सूर वरच्या सप्तकात जातो. ओठ किती उघडायचे, बासरी किती बाहेर ठेवायची, जीभ केव्हा मारायची, हे गुरुजी कानाने शिकवतात. व्होकांसाँने हे सगळे मोजून काढले. यंत्रात नऊ भाते होते, तीन-तीनांचे तीन गट. एका गटावर चार पौंडांचे वजन, दुसऱ्यावर दोन पौंडांचे आणि तिसऱ्यावर काहीच नाही. त्यामुळे जोरकस, मध्यम आणि हलकी अशी तीन प्रकारची हवा तयार मिळे.

हे सगळे हुकमात ठेवणारा होता एक लाकडी रूळ, सुमारे अडीच फूट लांब. त्याच्यावर ठिकठिकाणी खुंट्या आणि पट्ट्या ठोकलेल्या होत्या आणि वरून पंधरा तरफा त्याला टेकलेल्या होत्या. सात तरफा बोटांसाठी, तीन हवेसाठी, एक जिभेसाठी आणि चार ओठांसाठी. त्या चारांपैकी एक ओठ उघडी, एक मिटी, एक पुढे करी, एक मागे घेई. पट्टी लांब असेल तर तरफ जास्त वेळ उचललेली राही आणि सूर लांबे. आखूड खुंटी असेल तर नुसता टिचकीसारखा स्पर्श. रूळ फिरता फिरता स्क्रूच्या आट्यांमुळे किंचित बाजूलाही सरके, म्हणजे प्रत्येक वेढ्याला तरफांखाली नवी रांग येई आणि सुरावट एका वेढ्यात संपून जात नसे. बोटांची टोके त्याने कातड्याने मढवली होती, कारण नुसत्या लाकडाने भोक घट्ट बंद होईना.

एप्रिल १७३८ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने हे यंत्र तपासून त्याला मान्यता दिली. त्यानंतर त्याने एका हाताने छोटी बासरी व दुसऱ्याने ढोलके वाजवणारा दुसरा वादक केला आणि सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे बदक केले. बदक पंख फडफडवी, पाणी पिई, दाणे खाई आणि थोड्या वेळाने विष्ठाही टाकी. सगळ्या युरोपात त्याचेच नाव जास्त झाले. वास्तविक ती विष्ठा आधीच भरून ठेवलेली असे, खाल्लेले दाणे नुसते साठत. आम्हाला विचाराल तर बदक ही करामत आणि बासरीवाला हे शास्त्र. पण जत्रेत करामतीपुढेच गर्दी होते, हे तेव्हाही खरे होते.

इथपर्यंतच्या त्याच्या आयुष्यात टाळ्याच टाळ्या आहेत. पुढे वेगळे वळण लागते.

१७४१ मध्ये फ्रान्सचे मंत्री कार्डिनल फ्लरी यांनी त्याला रेशीम उद्योगाचा निरीक्षक नेमले. लियाँ हे रेशमाचे माहेरघर. तिथल्या विणकरांची स्थिती तुम्हाला परकी वाटणार नाही. घरातच एक-दोन माग, घरातली सगळी माणसे त्यावर राबणारी आणि रेशीम व्यापाऱ्याचे. व्यापारी नमुना देणार, मजुरी ठरवणार. काही विणकर मात्र स्वतःच्या हिमतीवर कापड विणून विकत, आणि तसे विकण्याची मोकळीक त्यांना १७३७ च्या नियमांनी दिली होती. व्होकांसाँच्या सल्ल्याने १७४४ मध्ये नवे नियम आले. त्यांनी ही मोकळीक आवळली आणि स्वतंत्र विणकराला व्यापाऱ्याच्या हाताखाली ढकलले. ऑगस्ट १७४४ मध्ये लियाँचे विणकर रस्त्यावर उतरले, माग बंद पडले. व्होकांसाँवर रस्त्यात दगड पडले. त्याच्यावर टिंगलीची गाणी रचली गेली. शेवटी त्याला साधूचा वेश घेऊन शहरातून पळ काढावा लागला. अधिकाऱ्यांनी घाबरून नियम मागे घेतले खरे, पण पुढच्या वर्षी सरकारने सैन्य पाठवले, नियम परत लादले आणि पुढाऱ्यांना कडक शिक्षा केल्या.

पुष्कळ पुस्तकांत असे लिहिलेले सापडते, की व्होकांसाँने स्वयंचलित माग केला म्हणून अडाणी विणकरांनी त्याला दगड मारले. आमच्या मते हे विणकरांवर अन्याय करणारे आहे. तारखा पाहा. दंगा १७४४ चा आणि त्याचा माग १७४५ चा. दगड पडले ते आधी नियमांवर. विणकरांना यंत्र कळत नव्हते असे नाही, कारण ते रोज सगळ्यात गुंतागुंतीच्या मागावर बसत होते. आपला माग, आपले कापड आणि आपली किंमत हातातून जाते आहे, हे त्यांना नीट कळले होते. त्याच वेळी व्होकांसाँ दुष्ट होता असेही आम्ही म्हणणार नाही. चांगले रेशीम निघावे, माल एकसारखा व्हावा, हे त्याला मनापासून वाटत होते. परंतु बासरीवाल्याच्या बोटांचा त्याने जेवढा बारकाईने विचार केला होता, तेवढा विणकराच्या घरखर्चाचा केलेला दिसत नाही.

त्या मागात त्याने बासरीवाल्याचीच युक्ती वापरली. नक्षीच्या कापडात कुठले दोरे केव्हा उचलायचे हे मागाशेजारी बसलेला एक मदतनीस दोऱ्या ओढून सांभाळत असे. भोके पाडलेल्या कागदाने आणि पुठ्ठ्यांनी हे काम सोपे करण्याचे प्रयत्न लियाँमध्ये बुशाँ आणि फाल्काँ यांनी १७२५ पासून केलेले होते. व्होकांसाँने ते भोकांचे यंत्र मागाच्या डोक्यावर चढवले, फिरत्या रुळावर बसवले आणि मदतनिसाची गरजच काढून टाकली. हा माग गाढवसुद्धा चालवू शकेल असे त्याने दाखवले, दगड मारणाऱ्यांना ते त्याचे उत्तर होते, असे सांगतात. ही गोष्ट खरी असेल तर ती आम्हाला आवडत नाही.

माग चालला, पण खपला नाही. तो महाग होता, आणि मुख्य म्हणजे रुळाला मर्यादा होती. रूळ एकदा फिरून आला की तीच नक्षी पुन्हा सुरू. मोठी नक्षी हवी तर मोठा रूळ हवा. कॅमचे जे बळ तेच त्याचे बंधन. जे कोरले ते बिनचूक होणार, आणि जे कोरले तेवढेच होणार.

पुढची वर्षे त्याने यंत्रे बनवण्यासाठी लागणारी यंत्रे करण्यात घालवली. साखळी विणणारे यंत्र केले, रेशीम पिळण्याची यंत्रे केली. लोखंडी सांगाड्याचा, कोनाकार पट्ट्यांवरून हत्यार सरळ सरकवणारा त्याचा लेथ पॅरिसच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. उद्यमबागेत जाल तेव्हा लेथच्या बेडवरच्या कोनाकार पट्ट्या हात लावून पाहा. बदकापेक्षा त्या पट्ट्यांचे ऋण आपल्यावर जास्त आहे. मधल्या काळात रक्ताभिसरण दाखवणारा माणूस रबराच्या नळ्या वापरून करण्याचाही बेत त्याने आखला होता. तो तडीस गेला नाही.

२१ नोव्हेंबर १७८२ रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. आपली सर्व यंत्रे त्याने राजाला देऊन टाकली होती. क्रांतीनंतर १७९४ मध्ये पॅरिसमध्ये कलाकौशल्याचे जे मोठे संग्रहालय आणि विद्यालय स्थापन झाले, त्यात हा संग्रह गेला. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लियाँच्याच एका विणकराच्या मुलाला, झोझेफ मारी झाकारला, व्होकांसाँच्या मागाचे भाग मिळाले. त्याने ते जुळवून पाहिले, रुळाची मर्यादा ओळखली आणि त्याच्या जागी एकमेकांना शिवलेल्या पुठ्ठ्यांची हवी तेवढी लांब माळ घातली. तोच हा जकार्ड. साडीच्या काठावरची नक्षी उचलणारे जे यंत्र तुम्ही मागाच्या वर बसलेले पाहता, ते हेच.

बासरीवाला आणि बदक त्याने १७४३ मध्येच विकून टाकले होते. ते गावोगाव फिरले, हातोहात गेले. १८०५ मध्ये जर्मन कवी गटे यांनी ते हेल्मश्टेट गावी एका संग्राहकाच्या घरी पाहिले, तेव्हा बदकाची पिसे गेली होती आणि बासरीवाला मुका झालेला होता. झाकारचा माग त्याच सुमारास लियाँमध्ये बसू लागला होता, आणि तिथल्या विणकरांनी त्यालाही विरोध केला.

आमच्या शाळेत अशी कितीतरी घरे आहेत, की जिथे पणजोबा शहापूरच्या हातमागावर बसत आणि आजोबा-वडील यंत्रमागावर. आता बिनधोट्याचे वेगवान माग आले आहेत आणि त्या घरांतून पुन्हा तीच चिंता ऐकू येते. घरच्या मोठ्यांना विचारा, की हातमागावरून यंत्रमागावर येताना काय झाले, कोणाचे काम गेले, कोणाला नवे मिळाले. जे सांगतील ते वहीत उतरवून आणा. पुढच्या अंकात दोन पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.

आणि सातवी-आठवीच्या मुलांसाठी : जाड पुठ्ठ्याची अंड्याच्या आकाराची चकती कापा, पेन्सिलीवर घट्ट बसवा, बुटाच्या खोक्यात आडवी टाका आणि वरच्या भोकातून एक काडी तिच्यावर टेकवा. पेन्सिल फिरवली की काडी नाचेल. दोन वेळा उडी मारून मग स्वस्थ बसणारी काडी हवी असेल तर चकती कशी कापावी लागेल, ते करून शनिवारी प्रयोगशाळेत आणून दाखवा.